'सूटपत्र' म्हणजे सोडचिठ्ठीच का?

मराठी बायबलमध्ये मत्तय 5:31 ला 'सूटपत्र' हा शब्द आहे. पहिल्यांदा वाचला तेव्हा सवलतीचं कुपनच डोळ्यांपुढे आलं! सरळ 'घटस्फोट' का नाही लिहिलं? की सोडचिठ्ठीचंच हे दुसरं नाव?

— सोडचिठ्ठी जवळची, पण तीच नव्हे. सोडणे-सुटणे ही जोडी बघा. सोडतो तो, सुटते ती. सोडचिठ्ठी नवऱ्याच्या बाजूने बोलते, सूटपत्र बायकोच्या. आणि कागद होताही तिच्याचसाठी. जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकात, 24:1 मधलं मूळ हिब्रू 'सेफेर केरिथुत', शब्दशः 'तोडण्याचा लेख'. नवऱ्याने तो लिहून तिच्या हातात द्यायचा आणि मग तिला पाठवायचं. लगेच पुढच्या वचनात तिचं दुसरं लग्न येतं. पुढे मिश्नाने (यहुदी नियमांच्या जुन्या संग्रहाने) तर 'तू कोणत्याही पुरुषाशी लग्न करायला मोकळी आहेस' हाच या कागदाचा गाभा ठरवला. म्हणजे पुनर्विवाहाची मोकळीक कागदातच होती. नुसती 'टाकलेली' बाई मात्र अडकून पडायची. 'घटस्फोट' म्हटलं की आपल्याला कोर्ट आणि वकील आठवतात, म्हणून तो इथे मला खटकतो.

— मग येशू पुनर्विवाहाला व्यभिचार का म्हणतो?

— आधी त्याला काय विचारलं होतं ते बघा: 'कोणत्याही कारणावरून' बायको टाकता येते का? (मत्तय 19:3). तेव्हा यहुदी गुरूंचे दोन पंथ होते. शम्मायचा पंथ म्हणे, फक्त लाजिरवाण्या वर्तनासाठी. हिल्लेलचा म्हणे, स्वयंपाक करपवला तरी पुरे! येशूने अपवाद एकच ठेवला, ग्रीक 'पोर्नेइया', म्हणजे लैंगिक अनैतिकता. मराठीत त्याला 'जारकर्म' म्हटलंय ते बरं केलं, कारण त्याच वाक्यातल्या 'व्यभिचारा'साठी ग्रीकमध्ये वेगळा धातू आहे. दोन्हीकडे व्यभिचारच लिहिला असता तर फरक बुजला असता. मार्क 10:11-12 मध्ये मात्र हा अपवाद नाहीच.

— आणि पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्रातलं 7:15? विश्वास न ठेवणारा जोडीदार निघून गेला तर दुसरा 'बांधलेला नाही', असं पौल म्हणतो. म्हणजे लग्नाला मोकळा?

— वाद तिथेच आहे. काही म्हणतात मोकळा, काही म्हणतात फक्त एकत्र राहण्याच्या सक्तीतून सुटला. विधवेला पुन्हा लग्नाची मुभा देणाऱ्या 7:39 मध्ये 'बांधणे'साठी निराळं क्रियापद आहे. 7:15 चं क्रियापद गुलामीच्या शब्दातून आलेलं आहे, म्हणून मला तिथे 'बांधलेला'पेक्षा 'जखडलेला' जास्त पटतं.