एन्डेमिक: स्थानिक की प्रदेशनिष्ठ?

अनुवादी: मॉरिशसच्या केस्ट्रेलवरचा लेख मराठीत आणतेय. हा ससाणा जगात फक्त त्या बेटावर. १९७४ मध्ये रानात चारच उरले होते. 'एन्डेमिक'ला मी 'स्थानिक' लिहिलं, संपादकांनी खोडून 'प्रदेशनिष्ठ' केलं. वाचताना पक्षाचा निष्ठावंत कार्यकर्ता आठवतो!

रानभूल: संपादक बरोबर. साग आपल्याकडे स्थानिकच, पण ब्रह्मदेशातही उगवतो. प्रदेशनिष्ठ म्हणजे इथलाच, दुसरीकडे नाहीच.

ठोकळा: एखाद्या भागात कायम आढळणाऱ्या रोगाला डॉक्टरही एन्डेमिक म्हणतात. मलेरियाची कसली डोंबलाची निष्ठा?

रानभूल: तिथे दुसरा शब्द घ्या, कुणी अडवलंय?

खाडीकर: अवांतर. ताई, 'बेट' लिहिलंत की 'द्वीप'? राजापूरकडे खाडीतलं बेट म्हणजे जुवे, त्या नावाचं गावच आहे. गोव्यात सांत इस्तेवलाही जुवेंच म्हणतात. तिथलंच दिवाडी बेट म्हणजे द्वीपवाडी असणार.

रानभूल: छे, दीपवती.

कळक: बेटच हवं. आजोळी परसात कळकाचं, म्हणजे बांबूचं बेट होतं, इतकं दाट की आत गेलेला चेंडू परत यायचा नाही. मॅकआर्थर आणि विल्सन या जीवशास्त्रज्ञांनी १९६७ मध्ये मांडलं की बेट जितकं लहान आणि मुख्य भूमीपासून दूर, तितक्या प्रजाती कमी. पुढे लोकांनी तो हिशेब डोंगरमाथ्यांना, तुटक जंगलांनाही लावला. भोवती शेतं, मधे देवराई, तेही बेटच. द्वीपाला पाणी लागतं, बेटाला लागत नाही.

शुद्धमती: देवराईला देवराईच म्हणा. देवाच्या धाकाने तिथे कुऱ्हाड चालली नाही. 'बेट' म्हटलं की देव जातो आणि नुसतं क्षेत्रफळ उरतं.

कळक: बरं, पण धाक गेला तिथे राईही गेलीच की.

मोरिसकर: मी मॉरिशसचा, पूर्वज कोकणातले. घरात क्रिओल बोलतो, ती याच बेटावर जन्मलेली. सणाला झाकरी नाचतो. कोकणात तिला जाखडी म्हणतात हे फार उशिरा कळलं. आता झाकरी स्थानिक की प्रदेशनिष्ठ?

ठोकळा: झाकरी हा अपभ्रंश. शुद्ध शब्द जाखडीच, 'जखडणे'वरून.

मोरिसकर: पिढ्यान्‌पिढ्या झाकरीच म्हणतोय. आता कुणाकडून शुद्ध करून घेऊ?

ठोकळा: नाचा हो खुशाल, पण लिहिताना जाखडी.

खाडीकर: आमच्याकडे बाल्या नाच म्हणतात, तो कुठल्या धातूवरून आणणार? कानात बाळी घालणारे कोकणी गडी मुंबईत बाल्या झाले, त्यांचा तो नाच.

ठोकळा: पुरावा?

खाडीकर: 'जखडणे'चा आधी तुम्ही द्या.