स्पिटफायर मार्क ३ ची चासी सडली. स्टँडर्ड हेराल्डची बसेल का?

जायकवाडी_२०
गाडी ट्रायम्फ स्पिटफायर मार्क ३, जुनी इंग्लिश दोन सीटची स्पोर्ट्स कार, चासी नंबर एफडीनं सुरू होणारा, १२९६ सीसी. डिफरन्शियलच्या (मागच्या चाकांना फिरवणाऱ्या गिअरपेटीच्या) दोन्ही बाजूंना चासीचे डबे, म्हणजे पोकळ पत्र्याचे भाग, सडलेत. डाव्या बाजूला स्क्रूड्रायव्हर टेकवला तरी आत जातो. पुढचा भाग ठणठणीत. जालन्यात एका भंगारवाल्याकडं स्टँडर्ड हेराल्डची (ट्रायम्फ हेराल्डच, पण भारतात बनलेली) चासी आहे, गंज कमी, लोखंडाच्या वजनावर द्यायला तयार. मिस्त्री म्हणायलाय, दोन्ही एकाच घराण्यातल्या, बसवून देतो. बसेल का? नाही तर दुसरं काय करावं? एमएच-२० पासिंग आहे, कागद चालू राहिले पाहिजेत.

वाळूज_फॅब
मिस्त्रीचं अर्धंच बरोबर आहे. स्पिटफायर हेराल्डवरूनच निघाली, पण तिची चासी म्हणजे नुसती आखूड केलेली हेराल्डची नव्हे. हेराल्डचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) २३२४ मिमी, स्पिटफायरचा २१०८. हा २१६ मिमीचा फरक तर आहेच. शिवाय हेराल्डला मधल्या कण्यातून बाजूला फाटे काढलेत आणि बॉडी त्या फाट्यांवर बसते. स्पिटफायरला नुसता कणा आहे, कडेचा जोर बॉडीला वेल्ड केलेल्या सिल, म्हणजे दाराखालच्या पोकळ पट्ट्या, घेतात. मागचे रेडियस आर्म (चाक पुढं-मागं सरकू न देणारे दांडे) हेराल्डमध्ये चासीवर बांधतात, स्पिटफायरमध्ये बॉडीवर. मिस्त्रीला एवढंच विचारा, आर्म कुठं बांधणार? त्यावरून कळेल त्यानं या गाडीखाली कधी मान घातली का नाही.

"मधून कापून जोडतो" म्हणाला तर सरळ नाही म्हणा. पुढून इंजिन आणि मागून डिफरन्शियल असा दोन्हीकडचा पीळ त्या जोडावर येतो, आणि जोड जरासा तिरका लागला की गाडी जन्मभर एका बाजूला ओढते.

गोदाकाठ_नांदेड
हेराल्डचं डिफरन्शियलही स्वस्तात मिळतंय म्हणून उचलू नका. दात मोजा. मार्क ३ ला ३७ आणि ९, म्हणजे ४.११. इंग्लंडच्या ९४८ सीसी हेराल्डला ३९ आणि ८, म्हणजे ४.८७५. ते घातलं तर हायवेवर इंजिन नुसतं बोंबलत राहील. आणि भंगारवाला ज्याला हेराल्ड म्हणतोय ते १९७२ नंतरचं स्टँडर्ड गॅझेल तर नाही ना, तेही बघा. त्याला मागं अखंड एक्सल आहे, दोन्ही चाकं एकाच दांड्यावर, आपल्या काही कामाचं नाही.

जायकवाडी_२०
मग ट्रायम्फच्याच जीटी६ ची? ती पण २१०८ च आहे ना?

वाळूज_फॅब
व्हीलबेस जुळतो, पण तिच्यात सहा सिलिंडरचं १९९८ सीसी इंजिन, त्यामुळं इंजिनाचे आणि रेडिएटरचे आधार वेगळे. १९६८ च्या मार्क २ पासून काही वर्षं मागं रोटोफ्लेक्स (रबरी सांध्यांचं) सस्पेन्शन आहे, त्याच्या खालच्या विशबोनचे, म्हणजे चाक धरणाऱ्या फाट्याचे, ब्रॅकेटही चासीला असतात. चासी बदलायचीच असेल तर स्पिटफायरचीच, आणि जमल्यास मार्क ३ चीच. इंग्लंडमध्ये ट्रायम्फ स्पोर्ट्स सिक्स क्लबच्या मंडळींकडं चौकशी करता येईल. पण जुना सुटा माल आयात करायला डीजीएफटीचा (केंद्राच्या परकीय व्यापार खात्याचा) परवाना लागतो, तो हातात आल्याशिवाय पैसे पाठवू नका.

माझं मत विचाराल तर चासी बदलूच नका. पुढचा भाग चांगला आहे, मागचाच तुकडा नवा करा. आधी बॉडी असतानाच दोन्हीकडचा व्हीलबेस मोजा, ओळंबा सोडून कर्ण घ्या. ३ मिमीच्या वर तफावत आली तर चासी वाकलीय, नुसती सडलेली नाही. रेडियस आर्मच्या ब्रॅकेटमागच्या शिम, म्हणजे फट भरायच्या पातळ पट्ट्या, त्याही मोजा. एकाच बाजूला शिमांची चळत लागली असेल तर कुणीतरी वाकडेपणा शिम घालून झाकलाय. पुढचं बॉनेट चासीच्या टोकाला बिजागरीवर आहे, त्याची फट दोन्हीकडं सारखी नसेल तर पुढची टोकंही तपासा.

सिल सडल्या असतील तर त्या आधी, बॉडी चासीवर असतानाच बदला. हा क्रम चुकला की दारं पुन्हा लागत नाहीत. मग दाराच्या चौकटीत आडवा पाइप वेल्ड करून बॉडी उचला. पेट्रोलची टाकी सीटच्या मागं, बरोबर तुमच्या वेल्डिंगच्या डोक्यावर येते. बॉडी उचलायची नसली तरी टाकी काढून शेडच्या बाहेर ठेवा. चासीवरून गेलेल्या ब्रेकच्या आणि पेट्रोलच्या नळ्याही काढा, बॅटरी सोडा.

डबे चकचकीत लोखंड लागेपर्यंत कापा. २ मिमी सीआरसीए (थंड लाटलेला) पत्रा वाळूजमध्ये सीएनसी बेंडिंगवर वाकवून घ्या, हातोड्यानं ठोकलेला चालणार नाही. एका वेळी एकच बाजू कापायची, दुसरी मापाला राहू द्यायची. डिफरन्शियलचं रिकामं केसिंग जागेवर बोल्ट करून ठेवा, पण रबरी बुश काढून लेथवर केलेल्या लोखंडी बुश घाला, रबर जळतं आणि माप हलतं. आधी वेल्डचे छोटे टाके, मग माप, मग २५-३० मिमीचे वेल्डचे तुकडे आलटून पालटून. सलग वेल्ड ओढला की टोक वर उचलतं.

लातूर_२४
कागदाचं सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं मूळ तपशील बदलेल असा फेरफार चालत नाही, आणि आरसीत व्हीलबेसही लिहिलेला असतो. पन्नास वर्षांवरच्या गाडीला २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणी मिळते, नंबरात व्हीए ही अक्षरं येतात, मुदत १० वर्षं. पण चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेली गाडी त्यात बसत नाही. हेराल्डची कापलेली चासी म्हणजे तो रस्ता कायमचा बंद. नुसती डागडुजी असली तरी कामाआधीचे-नंतरचे फोटो आणि बिलं जपून ठेवा, आणि चासी नंबरची पाटी रंगकाम करणाऱ्याच्या हाती देऊ नका.

अजून एक, व्हिंटेज नंबर घेतला की गाडी रोजच्या वापराला नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती, एवढ्यालाच. ते परवडतंय का आधी ठरवा.

जायकवाडी_२०
बॉडी उचललीच तर अख्खी चासी गॅल्व्हनाइज करून, म्हणजे जस्तात बुडवून, घेऊ का?

गोदाकाठ_नांदेड
करा, पण सगळं वेल्डिंग आटोपल्यावर. नंतर जस्तावर वेल्ड केलं तर धूर विषारी आणि जोड पोकळ. जस्ताची टाकी साधारण ४५० अंशांवर असते, त्यामुळं प्रत्येक बंद डब्याला हवा जायला आणि जस्त निथळायला भोकं हवीतच. आत ओल अडकली तर डबा फुटतो. पातळ पत्रा पिळतोही, म्हणून परत आल्यावर पुन्हा कर्ण मोजा. हे जमणार नसेल तर इपॉक्सी प्रायमर आणि डब्यांच्या आत मेण मारा. आपल्याकडची काळी माती डिफरन्शियलजवळच्या वळणात एकदा बसली की दिवाळीपर्यंत ओली राहते, ती दर पावसाळ्यानंतर पाण्याच्या प्रेशरनं काढावीच लागेल.

जस्तानं सगळे आटे भरून येतात. बॉडीचे बोल्ट ५/१६ यूएनएफ (इंची मापाचे बारीक आटे) आहेत आणि बाजारात आटे साफ करायचा टॅप मागितला की मेट्रिकच हातात ठेवतात, तेव्हा तो आधीच मागवून ठेवा.