मदत हवी आहे: ना. वा. टिळकांनी येशू स्वीकारला, फुल्यांनी बाप्तिस्मा का घेतला नाही?

नमस्कार मंडळी,

आमच्या चर्चच्या तरुण संघात पुढच्या महिन्यात मला बोलायचं आहे. विषय मीच मागून घेतला: माणसं ख्रिस्ताकडे का येतात आणि का येत नाहीत.

पहिली बाजू मला जवळची आहे. 1893 मध्ये रेल्वेच्या प्रवासात एका युरोपियन सहप्रवाशाने कवी ना. वा. टिळकांना नवा करार दिला. त्यातल्या येशूच्या डोंगरावरील प्रवचनाने त्यांना धरून ठेवलं आणि 1895 मध्ये त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पंडिता रमाबाईंनी तो 1883 मध्ये इंग्लंडमध्ये घेतला, पण त्यानंतरही त्रैक्याच्या (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) शिकवणीवरून त्या इंग्लंडमधल्या धर्मभगिनींशी पत्रांतून वाद घालत राहिल्या. विश्वास आणि प्रश्न एकत्र नांदतात, हे मला मुलांना सांगायचंच आहे.

अडतं ते दुसऱ्या बाजूला. जोतीराव फुले मिशनच्या शाळेत शिकले, ‘गुलामगिरी’त येशूला बळीराजाच्या रांगेत बसवलं, तरी ख्रिस्ती झाले नाहीत. बाबासाहेबांनी 1935 मध्ये येवल्यात धर्मांतराची घोषणा केली आणि 1956 मध्ये बुद्धाकडे गेले. हा नकार ‘त्यांना कळलं नाही’ म्हणून उडवून लावणं मला पटत नाही. आपल्याच ख्रिस्ती मंडळ्यांत टिकून राहिलेली जात हेही त्यामागचं एक कारण होतं का?

या दोघांनी स्वतः ख्रिस्ती धर्माविषयी काय लिहिलं, ते समग्र वाङ्मयात नेमकं कुठे सापडेल? आणि तुमच्यापैकी कोणी विचारपूर्वक विश्वास सोडला असेल, तर कारण सांगाल का? मी वाद घालणार नाही, मनापासून ऐकेन.