उत्तर: गोदामातल्या आग विझवणाऱ्या स्प्रिंकलरसाठी आयएस १५१०५ (भारतीय मानक) की एनएफपीए १३ (अमेरिकी मानक)?

"ज्यात पंप लहान बसेल ते मानक घ्या" असं वर एका उत्तरात म्हटलंय. मला ते अजिबात पटत नाही. आधी माल कोणता आणि किती उंच रचलाय ते बघा.

वडोदऱ्यात मकरपुरा जीआयडीसीतलं एक गोदाम मी पाहिलंय. पुठ्ठ्याच्या खोक्यांतले लोखंडी सुटे भाग धरून डिझाइन झालं होतं. पुढे रॅकवर प्लास्टिकचे रिकामे क्रेट आले. एनएफपीएच्या हिशेबाने माल खालच्या वर्गातून थेट गट अ प्लास्टिकमध्ये (सर्वात जोरात जळणाऱ्या प्लास्टिकच्या गटात) गेला. पंप, टाकी मात्र तीच! तिथे कामगार दिवसभर वावरतात, म्हणून जीव तुटतो.

आता पाण्याचं. ईएसएफआरमध्ये (आग लवकर दाबणारे, झटपट उघडणारे छतावरचे स्प्रिंकलर) के-२०० चे (के म्हणजे तोंडातून किती पाणी जातं त्याचा गुणांक) १२ स्प्रिंकलर साडेतीन बारला धरले, तर मिनिटाला साधारण ४५०० लिटर. ६० मिनिटांचे २७० घनमीटर, होजचं (हाताने मारायच्या पाइपचं) पाणी वेगळं. ईएन १२८४५ च्या (युरोपीय मानक) उच्च धोका साठवणुकीत २६० चौरस मीटरवर मिनिटाला १५ मिलिमीटर (दर चौरस मीटरला १५ लिटर, हीच घनता) धरा: ३९०० लिटर, पण ९० मिनिटं, म्हणजे ३५१ घनमीटर. पंप लहान, टाकी मोठी. त्यामुळे एका मानकातून घनता आणि दुसऱ्यातून कालावधी उचलू नका. आयएस १५१०५ लाही हेच लागू.

आणि ईएसएफआर ठरवण्याआधी शेडचं छत तपासा: ६ मीटर आडव्या अंतरात १ मीटरपेक्षा जास्त उतार चालत नाही, आणि स्प्रिंकलरखाली आलेला डक्ट किंवा तुळई पाण्याची धार अडवते.