शब्दचर्चा (मंचावरचा धागा, सभासद टोपणनावांनी लिहितात): चर्चचं 'फॅब्रिक' म्हणजे कापड नव्हे, मग काय?

मसुदा क्रमांक तीन:
वसईतल्या धर्मग्रामांच्या (पॅरिशच्या) चर्च-इमारत समित्यांसाठी देखभालीची पुस्तिका मराठीत करतोय. आराखडा इंग्लंडमधल्या पद्धतीवरून घेतलाय. तिथे १९५५ च्या कायद्यापासून चर्च ऑफ इंग्लंडच्या प्रत्येक चर्चची दर पाच वर्षांनी वास्तुविशारदाकडून किंवा तशाच पात्र तज्ज्ञाकडून तपासणी होते. अडलंय पहिल्याच वाक्यात, 'चर्चच्या फॅब्रिकची तपासणी'. अनुवादयंत्राने 'चर्चच्या कापडाची तपासणी' असं करून दिलं, म्हणजे वेदीवरच्या चादरी मोजा! इथे फॅब्रिकमध्ये पाया, भिंती, छप्पर, खिडक्या आणि घंटेचा मनोरा येतो. बाकं, पुतळे, झगे येत नाहीत. एकच शब्द हवाय. पुढच्या पानाचा नमुनाही देतोय, त्यावरही नजर टाका:

'भिंतींचा दर्जा भरावा. गटर मे महिन्यात साफ करावे. प्लास्टर निघाल्यास सिमेंटने दुरुस्ती करावी.'

काथ्याकूट:
वास्तू. संपला विषय.

मसुदा क्रमांक तीन:
'वास्तूची तपासणी' म्हटलं की लोक ईशान्य कोपरा बघायला धावतील. 'बांधकामाची तपासणी' म्हटलं तर महापालिकेचा माणूस परवानगी विचारायला आलाय असं वाटतं. 'ढाचा'चं तर नावच नको.

फारशी फारसी:
लॅटिन 'फाब्रिका' म्हणजे कारागिराची कार्यशाळा, आणि तिथे घडलेली वस्तू किंवा इमारतही. कापड हा अर्थ मागाहूनचा. रोममध्ये संत पेत्राच्या महामंदिराची (सेंट पीटर्स बॅसिलिकेची) देखभाल बघणाऱ्या कार्यालयाचं नाव आजही 'फाब्रिका'च आहे. गोव्यात चर्चची मालमत्ता आणि हिशेब बघणारं मंडळ म्हणजे फाब्रिक. शब्द आपल्या किनाऱ्यावर चारशे वर्षांपासून आहे, तोच ठेवा.

काथ्याकूट:
गोव्यात तो मंडळाचा शब्द, भिंतीचा नव्हे. 'फाब्रिकाची तपासणी' वाचून खजिनदार राजीनामा देईल. आणि मराठीत शब्द असताना पोर्तुगीज कशाला? इमारत म्हणा.

फारशी फारसी:
इमारत अरबी आहे. सहज सांगितलं.

चुनखडी:
फॅब्रिक राहू द्या, नमुन्यातलं पहिलं वाक्य बघा. 'भिंतींचा दर्जा भरावा' हे काय? दगडांमधली फट ती दरज, अनेकवचन दरजा. गवंडी 'दरजा भरणे' म्हणतो. 'दर्जा' लिहिलंत की गुणवत्ता झाली, आणि समितीचे सभासद भिंतीची प्रतवारी करत बसतील.

कामाची पद्धतही लिहा, नाहीतर ठेकेदार वरवर सिमेंट थापून बिल लावतो. जुनी भरती छिन्नी-हातोडीने काढायची, ग्राइंडर नाही, त्याने दगडाच्या कडा कापल्या जातात. खोली दरजेच्या रुंदीच्या दुप्पट, निदान २५ मिलिमीटर. मग ब्रशने धूळ काढून पाणी मारायचं. कोरडा दगड चुन्यातलं पाणी ओढून घेतो आणि भरती भुगा होऊन पडते. माल म्हणजे मुरवलेला चुना १ आणि चाळलेली वाळू ३. खाडीची वाळू नको, तिच्यातल्या मिठाने भिंतीला लोणा लागतो. खोल दरज थराथराने भरायची. भरल्यावर गोणपाट टाकून आठवडाभर ओलं ठेवायचं. चुना हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने हळूहळू घट्ट होतो, त्यामुळे हे काम पाऊस सरल्यावर ऑक्टोबरच्या उत्तरार्धात सुरू करून जूनच्या बरंच आधी उरकायचं.

काथ्याकूट:
दरज हा अस्सल मराठी गवंड्यांचा शब्द. असे शब्द जपले पाहिजेत.

फारशी फारसी:
फारसी 'दर्ज' म्हणजे शिवण. त्याच्यावरून दर्जी, म्हणजे शिंपी. थोडक्यात दरजा भरणारा गवंडी हा भिंतीचा शिंपी झाला, आणि यंत्राचं 'कापड' अगदीच वाया गेलं नाही! तुमचा तो दुसरा 'दर्जा' मात्र अरबी, त्याचा याच्याशी संबंध नाही. गिलावाही तसाच: फारसी 'गिल' म्हणजे चिखल, 'आब' म्हणजे पाणी.

काथ्याकूट:
मग मराठी राहिलं तरी काय?

फारशी फारसी:
चुना. तो संस्कृत 'चूर्ण'वरून आलाय. घ्या.

नळीचं कौल:
काथ्याकूट, शब्द कुठून आला याने भिंत वाचत नाही. नमुन्यातलं तिसरं वाक्य धोकादायक आहे. 'प्लास्टर' आणि 'गिलावा' हे समानार्थी धरू नका. बोलताना आता प्लास्टर म्हणजे सिमेंटचं, गिलावा म्हणजे चुन्याचा, असा फरक निदान जुन्या इमारतींपुरता पडलाय. तो पुस्तिकेत पाळा.

जांभ्याची किंवा चुन्यात बांधलेली भिंत ओल घेते आणि बाहेर सोडते. वर सिमेंट लावलं की ओल आत कोंडते. पाणी वाट शोधत दगडातून जातं, त्यातले क्षार सिमेंटच्या मागे साचून स्फटिक होतात आणि दगडाचा पापुद्रा सुटतो. सिमेंट भरलेल्या दरजांचं तर दोनतीन दशकांत उलटंच दिसतं: दरज शाबूत, दगड झिजून आत गेलेला, भिंतीवर नुसती जाळी उरलेली. नियम एकच, भरती दगडापेक्षा मऊ हवी. झिजायचं ते तिने झिजावं, ती पुन्हा भरता येते. प्लास्टिक रंगाचाही तोच दोष. चुन्याच्या सफेदीचे तीनचार पातळ हात द्या.

चुनखडी:
जुन्या गोव्यातलं बॉम जेझू हे याच वादाचं मोठं उदाहरण. १६०५ मध्ये अभिषेक झालेल्या त्या बॅसिलिकेचा बाहेरचा गिलावा १९५० च्या दशकात काढला, तेव्हापासून जांभा उघडा आहे आणि पावसात झिजतोय. पर्यटकांना ती लाल भिंतच 'मूळ रूप' वाटते. पुन्हा गिलावा करायचा म्हटलं की ओरड होते. दर्शनी भागावरच्या नक्षीचा काळा दगड मात्र वसईकडून नेलेला, तो टिकून आहे.

काथ्याकूट:
म्हणजे 'मूळ रूप' या शब्दाचीच व्याख्या आधी केली पाहिजे. मूळ म्हणजे बांधलं तेव्हाचं, की आपण पाहत आलो ते?

नळीचं कौल:
त्यासाठी दुसरा धागा काढा. इथे छपराचं राहिलंय. 'कौल' इतकंच लिहून भागणार नाही. नळीची अर्धगोल कौलं वेगळी, खाचांची सपाट मंगलोरी वेगळी. मंगलोरी कौलांचा कारखाना बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगलोरला काढला, त्याच्या आधीच्या छपरावर ती मूळची असूच शकत नाहीत. ठरलेल्या मापाची मंगलोरी कौलं चौरस मीटरला साधारण १५ लागतात. फुटलेलं कौल बदलताना त्याच साच्याचं घ्या. कारखाना बदलला की खाचा बसत नाहीत, फट राहते, पाणी रिपांवरून वाशांवर उतरतं आणि वाशाचं भिंतीतलं टोक कुजतं. खालून बघितलं तर वासा धडधाकट दिसतो. भिंतीलगत टोचणीने टोचून बघा, लाकडात सहज शिरली तर टोक गेलेलं आहे.

मसुदा क्रमांक तीन:
दरजा आणि गिलावा दुरुस्त केले. टोचणीही घेतली. भिंतीत उगवणाऱ्या पिंपळाचं लिहायचंय, 'रोप उपटावे' पुरेल का?

चुनखडी:
नाही. उपटल्यावर वरचं हातात येतं, मूळ आतच राहतं आणि दुप्पट जोमाने फुटतं. दोनचार दगड काढून मुळासकट बाहेर काढायचं आणि दगड पुन्हा चुन्यात बसवायचे. 'समूळ काढावे' लिहा. इथे समूळ हा शब्द अक्षरशः घ्यायचा.

मसुदा क्रमांक तीन:
आणि फॅब्रिक?

काथ्याकूट:
वास्तू. मी पहिल्यांदाच सांगितलं होतं.

फारशी फारसी:
मग 'चर्चची' तरी कशाला? प्रोटेस्टंट मराठीत माणसांची ती मंडळी आणि इमारत ते मंदिर. वसईतली जुनी माणसं तर सरळ देऊळ म्हणतात. 'देवळाची तपासणी' लिहा, फॅब्रिक आपोआप त्यात आलं.

काथ्याकूट:
आणि पुस्तिका चुकून शेजारच्या शंकराच्या देवळात गेली तर?

नळीचं कौल:
तर त्यांच्याही दरजा नीट भरल्या जातील. चुना तोच. पण छापायच्या आधी दुसरं वाक्य बदला. 'गटर मे महिन्यात साफ करावे' वाचून माणूस फावडं घेऊन रस्त्याकडेचं गटार उपसेल आणि छपराची पन्हळ पानांनी तुंबलेलीच राहील. 'वळचणीची पन्हळ' लिहा. मेमध्ये एकदा, पहिल्या मोठ्या पावसानंतर पुन्हा. आणि नुसतं 'साफ करावी' नको. बादलीभर पाणी ओतून ते खालच्या नळातून बाहेर येतं का ते बघायला सांगा. अडतं ते बहुधा नळाच्या वाकणात, वरून दिसतच नाही.

काथ्याकूट:
पन्हळ की पन्हाळ?