मदत हवी: सलग भजनाची ऑडिओ सीडी करताना मध्ये खंड पडतोय

नमस्कार मंडळी,

आईच्या भजनी मंडळाची १९९४ सालची नव्वद मिनिटांची कॅसेट आहे. टेपच्या हेडफोन जॅकमधून वायर काढून लॅपटॉपवर ऑडॅसिटीत (आवाज रेकॉर्ड करायचं, कापायचं सॉफ्टवेअर) रेकॉर्ड केली. दोन्ही बाजूंची कोरी टेप छाटल्यावर ७८ मिनिटं उरली. आईला मोबाईलवर ऐकायचं नाही. तिचा जुना सीडी प्लेअर, आणि "बटण दाबलं की वाजलं पाहिजे" एवढी एकच अट.

पहिल्या सीडीवर एमपीथ्री फाइल्स तशाच टाकल्या. लॅपटॉपवर वाजते, प्लेअर नुसता घरघरतो. दुसरी मुद्दाम आरडब्ल्यू घेतली, चुकलं तर पुसता येईल म्हणून. ती प्लेअरला दिसतच नाही. तिसऱ्यांदा साध्या, एकदाच लिहिता येणाऱ्या सीडी-आरवर विंडोज मीडिया प्लेअरमधून 'ऑडिओ सीडी' निवडून बर्न केली आणि वाजली! पण मी ११ ट्रॅक पाडले होते आणि दर ट्रॅकनंतर दोन सेकंद शांतता. ऐन गजरात टाळ-मृदंग गप्प. आई म्हणाली, "लाइट गेली का रे?"

सगळं एकाच ट्रॅकमध्ये ठेवलं तर हवा तो अभंग लावता येणार नाही. शिवाय पूर्ण वेव्ह फाइल (एमपीथ्रीसारखी आवाज न दाबता ठेवलेली) ७८७ एमबी दाखवतेय आणि सीडीवर ७०० लिहिलंय. बसेल का?

प्रतिसाद १
बसेल. ऑडिओ सीडीला एमबी नाही, मिनिटं बघायची. ७०० एमबीच्या सीडीवर ८० मिनिटं मावतात. डेटा लिहिताना चूक दुरुस्तीसाठी दर सेक्टरमध्ये जास्तीची जागा जाते, ऑडिओत तीच जागा आवाजाला मिळते. आरडब्ल्यूचा नाद सोडा, तिच्यावरून प्रकाश फारच कमी परततो, जुन्या प्लेअरना ती वाचता येत नाही.

प्रतिसाद २
विंडोज मीडिया प्लेअरमध्ये टूल्स, ऑप्शन्स, बर्न इथे 'गॅपशिवाय बर्न करा' अशी खूण आहे, ती करा. दुसरं सॉफ्टवेअर वापरत असाल तर 'डिस्क ॲट वन्स' (अख्खी सीडी एका दमात लिहिणं) निवडून गॅप शून्य ठेवा. आणि ट्रॅक एमपीथ्रीत नको, वेव्हमध्येच काढा. एमपीथ्री फाइलच्या दोन्ही टोकांना थोडी शांतता आपोआप चिकटते, म्हणजे गॅप काढूनही उचकी राहतेच.

प्रतिसाद ३
त्यात भर: सीडीवर एका सेकंदाचे ७५ भाग, म्हणजे फ्रेम्स, असतात. ऑडॅसिटीत खाली वेळेचा प्रकार 'सीडीडीए फ्रेम्स' करून नेमक्या फ्रेमवरच कापा, नाहीतर जोडावर 'टक्' ऐकू येईल. बर्न करायचा स्पीड ५२ नको, १६ पुरे.

धागाकर्ता
जमलं! फ्रेमवर कापून, वेव्ह, गॅप शून्य, १६ ने. गजर अखंड. आईने सगळं ऐकून एकच चूक काढली: चौथ्या अभंगात खोकतंय ते मी नाही, शेजारच्या काकू.

आता मंडळातल्या बाकीच्या आठ जणींनाही हवी आहे. दोन दुकानांत कोऱ्या सीडी मागितल्या तर पेनड्राइव्ह पुढे केला. डोंबिवली-कल्याणकडे अजून कुठे मिळतात का?