ब्लॉक की चार्ज? मदत हवी आहे
मंडळी, मुलगी अमेरिकेत शिकते, तिच्या नादाने मीही कॉलेज बास्केटबॉल बघायला लागलो. पण एक कोडं सुटत नाही: धडक झाली की तो ब्लॉक (बचावपटूचा फाउल) की चार्ज (बॉल घेऊन धडकणाऱ्याचा फाउल)? पहिल्या हाफमध्ये जो धक्का खपतो, त्यालाच दुसऱ्या हाफमध्ये शिट्टी! तीन-तीन पंच असूनही? पाचव्या फाउलला खेळाडू बाहेर, म्हणजे एक चुकीची शिट्टीही महागात.

त्यात २०२३-२४ पासून पुरुषांच्या सामन्यात नियम बदललाय: बॉल घेऊन येणाऱ्याने बास्केटकडे उडीसाठी पाय रोवायच्या आत बचावपटूने जागा धरलेली हवी, नाहीतर ब्लॉक. मी स्लो मोशनमध्ये तीनदा बघूनही चुकतो, पंचाला क्षणात ठरवायचं (बिचारा!).

इथे कुणी पंचगिरी केली आहे का? तिघांपैकी कोण कुठे नजर ठेवतो? आणि टीव्हीवर मी बॉल सोडून नेमकं काय बघू?